वारसाचा प्रश्न

वारसाची काळजी आम्हां मराठी माणसांच्या फार जुन्या ओळखीची आहे. औरस पुत्र नाहीं एवढ्या कारणावरून सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. नागपूर आणि झांशी १८५४ सालीं त्याच वाटेनें गेलीं. तेव्हांपासून ‘मागें कोण?’ हा प्रश्न कानीं आला कीं आमच्या मनांत कोठें तरी धस्स होतें. राजगादीची गोष्ट राहूं द्या. पेढीवरचे शेटजी, मठांतले महंत, फार काय, कोपऱ्यावरचा खानावळवाला देखील या प्रश्नानें व्याकूळ झालेला मीं पाहिला आहे. परंतु गाणें ऐकण्यासाठीं कानांवर चढवावयाच्या एका यंत्राला वारस हवा कीं नको, यावर दोन शहाण्या माणसांनीं मध्यरात्रीपर्यंत वाद घालावा, ही गोष्ट मला नवीन होती. त्या दोघांपैकीं एक मी होतों. तेव्हां ‘शहाण्या’ या विशेषणाची वाचकांनीं फार चिकित्सा करूं नये.

ज्याच्याविषयीं हा वाद झाला तो सेन्हायझर या जर्मन कंपनीचा ‘एच्. डी. ८००’ नांवाचा हेडफोन. महायुद्धाची राख अजून गरम असतांना, १९४५ सालीं, फ्रिट्झ सेन्हायझर या इंजिनियरानें हॅनोव्हरजवळच्या वेनेबोस्टेल खेड्यांत ही कंपनी काढली. आरंभीं तेथें विजेचा दाब मोजण्याचीं यंत्रें होत. मग मायक्रोफोन होऊं लागले. आणि १९६८ सालीं असा एक हेडफोन निघाला कीं ज्याच्या वाट्यांची मागची बाजू मोकळी होती. तोंपर्यंतचे बहुतेक हेडफोन म्हणजे कानांवर बसविलेलीं झांकणें. या नव्या यंत्रांत हवा खेळूं लागली, आणि डोक्यांत कोंडल्यासारखें वाटणारें गाणें थोडें बाहेर येऊन बसलें. २००९ चा ‘८००’ हा त्याच घराण्यांतला. त्याचा कंप पावणारा पडदा ५६ मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि गंमत अशी कीं तो मधोमध मोकळा, बांगडीसारखा आहे. पडदा मोठा असला कीं खालचे सूर भरदार येतात. पण वरच्या सुरांच्या वेळीं त्याचा सगळा पृष्ठभाग एकदिलानें हलत नाहीं. मधला भागच काढून टाकला म्हणजे ही अडचण कमी होते. शिवाय हा पडदा कानाला चिकटून न ठेवतां जरा दूर, पुढच्या बाजूला तिरपा बसविला आहे. त्यामुळें गवई कानाशीं कुजबुजत नाहीं, समोर बैठक मारून गातो.

माझ्याकडे जो आला तो एका हौशी गृहस्थानें वापरलेला, अर्ध्या किंमतींत मिळालेला. तरी ती रक्कम घरांत सांगतांना मीं आवाज बराच खालीं आणला होता. सौभाग्यवतींनीं ती नीट ऐकली आणि म्हणाल्या, “अहो, एवढ्यांत मिरजेच्या तंबोऱ्यांची चांगली जोडी आली असती.” मीं त्यावर उत्तर दिलें नाहीं. त्या रात्रीं हेडफोनमधून तंबोरा ऐकला, आणि उत्तर देण्याची निकड संपली.

आतां माझ्या स्नेह्यांचा पक्ष सांगितला पाहिजे. या विषयांतील नव्या वस्तूंची वार्ता त्यांना पंचांगांतल्या ग्रहणासारखी आधींच ठाऊक असते. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘८००’ मध्यें एक खोड होती. सेकंदास ६,००० कंपनांच्या आसपास त्याचा आवाज एकदम उसळी घेई. गाणारीचा ‘स’कार सुरीच्या पात्यासारखा लागे, झांज कानांत टोचे. वाटीच्या आंतल्या पोकळींत त्या सुराचा घुमारा उठे, हें त्याचें कारण. हौशी लोकांनीं आंत नमद्याचे तुकडे चिकटवून ती खोड आपापल्यापुरती घालविली. पुढें २०१६ सालीं कंपनीनेंच ‘८०० एस्’ काढला. त्यांत तो घुमारा गिळून टाकणारी एक लहानशी योजना केली, रुपेरी रंगाच्या जागीं काळा दिला, आणि टोंचणी बरीचशी गेली. “सात वर्षांनीं वारस झाला कीं नाहीं? मग पुढचा कां नको?” हा त्यांचा रोकडा सवाल. जपानच्या स्टॅक्स कंपनीचें उदाहरण त्यांच्या जिभेवर तयार होतें : २०११ मध्यें एक शिरोमणि, २०१८ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति, २०२१ मध्यें त्याहून वरचढ नवा. त्यांतच २०२२ सालीं सेन्हायझरचा घरगुती श्रोत्यांसाठींचा सगळा व्यवसाय सोनोव्हा या स्विस कंपनीच्या हातीं गेला. नव्या धन्यानें कांहीं तरी करून दाखविलें पाहिजे, असें माझ्या स्नेह्यांना मनापासून वाटतें.

मला या युक्तिवादांत एक पायरी निसटलेली दिसते. २०१६ चा वारस आला तो नांव घेऊन सांगतां येईल अशा दोषावर औषध म्हणून. पुढच्या वारसानें कोणत्या दोषावर यावें, असें मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, “अधिक स्पष्ट, अधिक विस्तृत.” अधिक म्हणजे किती? ‘८००’ च्या माहितीपत्रकांत त्याचा पल्ला ५१,००० कंपनांपर्यंत सांगितलेला आहे. माणसाचा अगदीं तरुण कान २०,००० च्या आसपास थांबतो. त्यापुढचा मुलूख वटवाघळांचा. उद्यां एखाद्या वारसानें ६०,००० पर्यंत मजल मारली, तर अभिनंदनाचीं पत्रें वटवाघळांनीं पाठवावीं हें उचित.

आणि ऐकावयाचें तरी काय? माझ्या संग्रहाचा मोठा भाग जुन्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेला आहे. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या काळच्या तबकडींत वरच्या सुरांचा पल्ला आजच्या मानानें फार तोकडा, आणि त्यावर सुईची खरखर. या हेडफोनमधून तें गाणें ऐकतांना खरखर लख्ख ऐकूं येते, आणि तिच्या पलीकडे, धुक्यांतून दिवा दिसावा तसा तो सूरहि. तबकडींत जें आहे तें यंत्रानें दिलें. जें तिच्यांत उतरलेंच नाहीं, तें कोणताहि वारस कोठून आणणार?

तरी स्नेह्यांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आहे त्यावर सगळेच संतुष्ट असते, तर १९६८ चा उघडा हेडफोन निघाला नसता, आणि २००९ चा तर नाहींच नाहीं. कारागिरानें अस्वस्थ असावें, हें मला मान्य आहे. पण अस्वस्थतेच्या दोन जाती असतात. एक हातांतल्या वस्तूंतलें उणें पाहून उठते. दुसरी दुकानाच्या फळीवर नवें कांहीं नाहीं म्हणून उठते. मिरजेच्या तंबोऱ्याचेंच घ्या. वर्षानुवर्षें छेडून घोडीवर तारांचे चरे पडतात, आवाज बोथट होतो. मग कारागीर घोडी घासून जवारी पुन्हां काढतो, आणि तोच तंबोरा पुढच्या पिढीच्या हातीं जातो. यंदाच्या सालचा सुधारलेला तंबोरा अशी जाहिरात माझ्या पाहण्यांत नाहीं. सेन्हायझरचाच १९९७ सालचा ‘६००’ पाव शतक उलटलें तरी विकला जात राहिला. हेडफोनच्या कानांवरच्या गाद्या दबतात, वायर तुटते, डोक्यावरच्या पट्टीचें अस्तर झिजतें. हे भाग आणखी वीस वर्षें मिळतील, असा शब्द कंपनीनें दिला, तर नव्या वारसापेक्षां मला त्याचा आनंद अधिक होईल.

माझ्या या मताला आणखी एक कारण आहे, आणि तें त्या रात्रीं मीं स्नेह्यांना सांगितलें नाहीं. गेल्या वर्षीं कानाच्या डॉक्टरांनीं माझ्या श्रवणाचा आलेख काढला. डावीकडून बरीच सपाट आलेली रेघ उजवीकडे घाट उतरावा तशी खालीं गेली होती. “वयाप्रमाणें आहे,” ते म्हणाले. कानाच्या आंत शंखासारखी एक पोकळी असते, आणि तिच्यांत केंसांच्या टोकांसारख्या बारीक पेशी. वरचे सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या अगदीं तोंडाशीं असतात आणि वयाबरोबर बहुधा त्याच प्रथम जातात. माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत.

आलेखाचा अर्थ मला नीट कळला तो मात्र कांहीं महिन्यांनंतर. माझी पुतणी गाणें शिकते. एका दुपारीं तिनें माझा हेडफोन लावला. ध्वनिमुद्रणांत तंबोरा सुरू होतांच ती म्हणाली, “काका, अगदीं वरती बारीक बारीक कांहीं तरी झिरमिरतंय. ऐकूं येतं ना तुम्हांला?” मीं हेडफोन घेतला. षड्ज होता, पंचम होता, खर्जाचा भरणा होता. ती झिरमिर नव्हती. याच ध्वनिमुद्रणांत पूर्वीं कितीदां तरी मीं ती ऐकली होती, म्हणूनच काय नाहीं तें मला समजलें. मीं तिला ‘नाहीं’ असें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, “थोडा मोठा करूं का?” मोठा केल्यानें तें येणार नव्हतें, पण तिचें मन मोडवेना, मीं मान हालविली.

सोनोव्हा कंपनीचा मूळ धंदा मंद कानांसाठीं श्रवणयंत्रें करण्याचा आहे, हें मला त्या संध्याकाळीं आठवलें आणि जरा हसूंहि आलें. त्यांच्याकडून पुढें माझ्या घरीं कांहीं यावयाचें असेल, तर तें बहुधा दुसऱ्या कपाटांतून निघेल.

हल्लीं आठवड्यांतले चार दिवस हेडफोन पुतणीकडे असतो. रविवारीं ती तो घेऊन येते, आणि कोणत्या गाण्यांत काय ऐकलें तें सांगते. पुष्कळदां तें मला ठाऊक असतें; कांहीं वेळां मीं कधींच न ऐकलेलें असतें. गाद्या दबल्या होत्या, त्या नव्या बसवून घेतल्या. पडदा पहिल्यासारखाच चोख आहे. त्या ध्वनिमुद्रणांत ती झिरमिर अजून आहे आणि घरांत ती ऐकणारें कोणी आहे, एवढ्यावर तूर्त माझें भागतें.