गडगडत्या दगडाची वंशावळ

१/ ‘रोलिंग स्टोन’ ही दोनच शब्दांची जोडी. या नावाचे एक नियतकालिक आहे, या नावाचा एक जगप्रसिद्ध बँड आहे, आणि बॉब डिलनच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या शीर्षकातही हीच जोडी आहे. तिचा माग काढत मागे गेले की आपण १९५० सालच्या एका ध्वनिमुद्रिकेपाशी पोहोचतो. गंमत अशी, की ती मुद्रिकाही निम्मी उसनीच होती. आजचा धागा या उसनवारीविषयी, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या एका न फेडलेल्या ऋणाविषयी.

२/ मूळ म्हण युरोपातली आणि पुष्कळ जुनी. गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही, असा तिचा आशय. सोळाव्या शतकात इरॅस्मसने ती आपल्या सुभाषितसंग्रहात नोंदवली. एका जागी न टिकणाऱ्या माणसाला दिलेला तो उपदेश आहे. पण अमेरिकेच्या दक्षिणेत, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या तोंडी ती गेली आणि तिचा अर्थ पालटला. ज्याला जमिनीशी बांधून ठेवले आहे, त्याला गडगडत जाणे हा दोष कसा वाटेल?

३/ मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर राबणारा मॅकिन्ली मॉर्गनफील्ड १९४३ साली शिकागोला गेला. तोच मडी वॉटर्स. १९५० मध्ये चेस कंपनीने त्याचे ‘रोलिन स्टोन’ प्रसिद्ध केले. त्यात एक आई पोटातल्या बाळाविषयी भाकीत करते, की हा मुलगा गडगडता दगड निघणार. मडीने शीर्षक या प्रतिमेवरून घेतले. गाण्याचा आरंभ मात्र एका माशाने होतो.

४/ तो मासा म्हणजे कॅटफिश, आपल्याकडच्या शिंगाळ्या-मांगुरांच्या कुळातला मिशाळ मासा. मी खोल पाण्यातला असा मासा असतो तर बायकांनी माझ्यासाठी गळ टाकले असते, अशी ती मिश्कील कल्पना. रॉबर्ट पेटवेने १९४१ साली ‘कॅटफिश ब्लूज’ नावाने ती मुद्रित केली होती. त्याच वर्षी टॉमी मॅक्लेननने तेच गाणे ‘डीप ब्लू सी ब्लूज’ या नावाने गायले. मासा एक आणि तळी तीन.

५/ हे एकट्या मडीचे नव्हे. स्क्रॅपर ब्लॅकवेलने १९२८ मध्ये ‘कोकोमो ब्लूज’ गायले. कोकोमो हे इंडियाना राज्यातले एक गाव. १९३४ मध्ये दुसऱ्या एका गायकाने ते ‘ओल्ड ओरिजिनल कोकोमो ब्लूज’ म्हणून गायले आणि त्यावरून त्याचे स्वतःचेच नाव कोकोमो अर्नोल्ड पडले. १९३६ मध्ये रॉबर्ट जॉन्सनने गावाचे नाव बदलले आणि ‘स्वीट होम शिकागो’ जन्मले. आज ते शिकागोचे जणू नगरगीत मानले जाते.

६/ याला चोरी म्हणावे, तर आधी ब्लूजची घडण पाहावी लागेल. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. पुनरुक्तीच्या त्या अवधीत गायकाला तिसरी ओळ सुचते, किंवा आठवते. सुचणे आणि आठवणे यांमधली सीमारेषा त्या क्षणी गायकालाही दिसत नसते. ओळी या गाण्यातून त्या गाण्यात तरंगत जातात.

७/ हे वाचताना मला माझ्या आजीचे जाते आठवले. समोरासमोर दोघी बसत, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. पहिली ओळ बहुधा गावाची, साऱ्यांना ठाऊक असलेली. दुसरीत भावाचे नाव, माहेरची वाट, आपले स्वतःचे सुखदुःख. निम्मी उसनी, निम्मी स्वतःची. मिसिसिपीचा कापूस आणि आमच्या घरची ज्वारी यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण राबणारी माणसे गाणे कसे घडवतात, याची एक रीत दोन्हीकडे सारखी आहे.

८/ १९४१ च्या ऑगस्टमध्ये लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स स्टोव्हॉल मळ्यावर गेला. त्याने मडीचे ‘कंट्री ब्लूज’ मुद्रित केले आणि विचारले, हे गाणे कसे झाले? मडी म्हणाला, मीच रचले. गाडीचे पंक्चर काढत होतो, एका मुलीने मन दुखावले होते. पण त्याच मुलाखतीत पुढे तो सांगतो, की हे कापसाच्या शेतातून आलेले गाणे आहे, रॉबर्ट जॉन्सनने ‘वॉकिंग ब्लूज’ म्हणून त्याची मुद्रिका काढली होती, आणि मी ते शिकलो सन हाउसकडून.

९/ न्यायालयात ही साक्ष क्षणभरही टिकणार नाही. मला मात्र यातले प्रत्येक विधान खरे वाटते. गाणे शेतातून आले, गुरूकडून शिकले, दुसऱ्याने आधी गायले आणि तरीही त्या दिवशी त्या दुखावलेल्या मनाने ते नव्याने रचले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा आपला हक्क सांगतो, पण नावेही घेतो. कोणी पुरावा मागितलेला नसताना सन हाउसचे नाव त्याच्या तोंडी येते.

१०/ आता समुद्रापलीकडे. १९६१ मध्ये इंग्लंडातील डार्टफर्डच्या फलाटावर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोन बालपणीचे ओळखीचे पुन्हा भेटले. जॅगरच्या हाती चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या मुद्रिका होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या बँडला पहिला मोठा कार्यक्रम मिळाला. रिचर्ड्स सांगतो, की ब्रायन जोन्स दूरध्वनीवर जाहिरात देत होता. नाव विचारताच त्याची नजर जमिनीवरच्या मडी वॉटर्सच्या तबकडीवर पडली. असे ते ‘रोलिंग स्टोन्स’ झाले.

११/ १९६५ मध्ये डिलनचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ आले. त्याने ही प्रतिमा मडीकडून घेतली, की हँक विल्यम्सने १९४९ मध्ये गायलेल्या ‘लॉस्ट हायवे’तून? तिथेही एकाकी भटका स्वतःला गडगडता दगडच म्हणवतो. प्रतिमा इतक्या हातांतून गेली, की एकच धनी सापडू नये. १९६७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिक निघाले. पहिल्याच अंकात संपादक यान वेनरने म्हण, मडी, बँड आणि डिलन या सर्वांचा उल्लेख करून नावाचे कूळ सांगितले.

१२/ कायद्याचे म्हणणे येथे साधे आहे. नुसत्या शीर्षकावर स्वामित्वहक्क नसतो. अमेरिकेत नाही आणि भारतातही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात हेच स्पष्ट केले. हक्क असतो तो शब्दरचनेवर आणि स्वररचनेवर. म्हणून दगड कोणीही उचलावा. भांडण सुरू होते ते अख्खे गाणे उचलल्यावर.

१३/ १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’मध्ये स्टोन्सनी रॉबर्ट जॉन्सनचे ‘लव्ह इन व्हेन’ घेतले, पण श्रेयात जॉन्सनचे नाव नव्हते. तो १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षीच वारला होता. पुढे वाद न्यायालयात गेला आणि २००० साली निकाल जॉन्सनच्या वारसांच्या बाजूने लागला. न्याय झाला. मात्र त्या गाण्याची चाल जॉन्सनलाही लेरॉय कारच्या १९३५ च्या गाण्यावरून सुचली होती, हे त्या निकालपत्रात कोठे मावणार?

१४/ त्याच वर्षी लेड झेपलिनचे ‘होल लॉटा लव्ह’ आले. त्यातले बरेच शब्द विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’मधले होते. हे गाणे मडी वॉटर्सनेच १९६२ मध्ये गायले होते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे श्रेयात त्याचे नाव लागले. अठरा वर्षे ते गाणे जगभर वाजत होते.

१५/ आता डिक्सनचेच पाहा. त्याची ‘स्पूनफुल’ आणि ‘लिटल रेड रूस्टर’ ही गाणी चार्ली पॅटनच्या १९२९ च्या गाण्यांची ऋणी आहेत. तो चमचा आणि तो कोंबडा पॅटनकडचा. मग डिक्सनचा दावा खोटा का? मुळीच नाही. पॅटनचे गाणे आणि डिक्सनचे गाणे एकाच परंपरेत नांदत होते. पॅटनची प्रतिमा घेऊन डिक्सनने तिच्याभोवती नवे गाणे बांधले. शिवाय ऐकणाऱ्यांना मूळ ठाऊक होते. आळीतल्या आळीत उसने घेतलेले पीठ कोणी कागदावर मांडत नाही.

१६/ अंतर वाढले की मात्र मांडावे लागते. डेल्टातून लंडनला जाताना गाणे पोहोचले, ओळखपाळख वाटेत गळून पडली. तिथल्या श्रोत्याला सन हाउस कोण आणि पॅटन कोण, हे कळण्याची सोय नव्हती. अशा वेळी घेणाऱ्याने नाव सांगितले नाही, तर नाव उरतच नाही. आणि कागदाला रिकामी जागा खपत नाही. तिथे शेवटच्या हाताचे नाव लिहिले जाते.

१७/ स्टोन्सचा दुसरा पैलूही नोंदवला पाहिजे. १९६४ मध्ये त्यांनी शिकागोत चेसच्या स्टुडिओत मुद्रण केले आणि एका वाद्यरचनेला शीर्षक दिले ‘२१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू’. तो त्या इमारतीचा पत्ता होता. १९६५ मध्ये ‘शिंडिग’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी आग्रहाने हाउलिन वुल्फला गायला लावले, आणि पन्नाशी ओलांडलेला तो गायक गात असताना ती मुले त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. पुढे तीच इमारत डिक्सनच्या पत्नीने विकत घेतली. कलावंतांना त्यांचा मोबदला मिळावा म्हणून डिक्सनने स्थापलेली ब्लूज हेवन फाउंडेशन ही संस्था आज तिथे आहे.

१८/ आता माझे ऋण. महाविद्यालयात असताना मी आजीकडून चाळीसेक ओव्या उतरवून घेतल्या आणि वार्षिक अंकात छापल्या. वर लिहिले ‘पारंपरिक’, खाली ‘संकलन’ आणि माझे नाव. मोठ्या अभिमानाने अंक तिला वाचून दाखवला. ती ओठांतल्या ओठांत चाल धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “समदं बरं केलंस रं. पर ती पावसाची ओवी खालच्या आळीतल्या काकीची. तिचं नाव न्हाई घातलंस?”

१९/ मी नुकतेच वाचलेले ज्ञान पाजळले. “आजी, ओव्या कुणा एकट्याच्या नसतात गं. लोकसाहित्य म्हणतात त्याला.” ती क्षणभर थांबली. “कुनाच्याच न्हाईत व्हय? मग तुझं नाव कसं आलं खाली?” तिला राग आला नव्हता, ती खरोखरच विचारत होती. मी हसून वेळ मारून नेली.

२०/ आमच्याकडे हे काम नीट करणारी माणसे होऊन गेली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता तो ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे आणि तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव दिलेले असते. ती बाई त्या ओळीची एकटी धनीण आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. या ओळीला या दिवशी हिने आवाज दिला, एवढीच ती नोंद. एवढी पुरते.

२१/ त्या संध्याकाळी आजीने त्या काकीचे नाव मला सांगितले होते. नाव, माहेर, कोणाची कोण, सारे. मी लिहून घेतले नाही. अंक तर छापून झाला होता. आजी गेली. खालच्या आळीतली घरे उठून शहराकडे गेली. मी विचारत फिरलो, पण सांगणारे कोणी उरले नव्हते. पावसाची ती ओवी मला आजही तोंडपाठ आहे.

२२/ आपल्या घरी कोणी ओवी, गौळण, पाळणा म्हणत असेल, तर शब्द आणि चाल जरूर टिपून घ्या. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हे तुम्ही कोणाकडून शिकलात? आणि उत्तर त्याच कागदावर लिहा. (धागा समाप्त)