अर्धा व्होल्ट

साखरेनं आधी तळपाय बधिर केले, आता बोटांची टोकंही. डॉक्टरांनी पिन टोचून विचारलं, "लागतंय का?" मी लागतंय म्हणालो, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. बुलेटचं चार्जिंग आता बघायचं कशानं?

चार्जिंगला मीटर असतो की, असं कुणीही म्हणेल. असतो. प्लेट जळली, मॅग्नेट कमजोर झालं, रेक्टिफायर गेला, हे मीटर सांगतो, आणि शिवाजी उद्यमनगरातलं कुठलंही पोरगं चहा निवायच्या आत ते काढून दाखवतं. त्यात मला कधी गोडी वाटली नाही. माझी गोडी त्या गाडीत, जिच्यात प्रत्येक वस्तू चांगली आहे आणि तरी बॅटरी भरत नाही. जुनी 12 व्होल्टची बुलेट. लाइट लावून इंजिन चढवलं तर रेक्टिफायरच्या तोंडाशी 13.9 व्होल्ट, बॅटरीवर 13.4. गावातल्या गावात फिरणारी गाडी या 13.4 वर कधीच पोटभर जेवत नाही. बॅटरीतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, वर्षाच्या आत बॅटरी बसते, आणि मालक बॅटरीच्या दुकानदाराला शिव्या घालत नवी घेतो. रेक्टिफायरला यातलं काही कळत नाही. तो फक्त आपल्या तोंडाशी किती व्होल्ट आहेत ते बघतो आणि खूश असतो.

मधला अर्धा व्होल्ट वाटेत मरतो. वाट तशी लांब नाही, पण या गाडीत ती हेडलाइटच्या घरातून वळसा घालून जाते, कारण तिथल्या अँपिअर मीटरचा काटा हलायचा तर चार्जिंगचा प्रवाह त्याच्यातूनच जायला हवा. सॉकेट, वायर, मीटरमागची दोन थिंबलं, परत वायर, फ्यूज, बॅटरी. शिवाय परतीची वाट अर्थिंगची, चेसीमधून, आणि ती तर बहुतेक जण तपासतच नाहीत.

एवढे मोजके सांधे असताना दोष सापडू नये, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. अडचण अशी की सॉकेट उघडलं की दोष पळतो. पितळी पात्याला गंज धरलेला असतो. तुम्ही सॉकेट ओढता, परत दाबता, तेवढ्या घासण्यानं जागा स्वच्छ होते. मीटर लावला की आकडा झकास. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि पुढच्या बाजाराला गाडी ढकलत आणतं. यात नेमका कुठला सांधा होता, ते तुम्हाला कधीच कळत नाही, कारण शोधायला गेलेल्या हातानंच तो बरा करून टाकलेला असतो. या एका गोष्टीनं माझी कितीतरी रात्रींची झोप खाल्ली. बायको म्हणायची, सगळी वायरिंगच नवी का टाकत नाही? टाकता येते. पण मग दोष सापडला असं होत नाही, तो नुसता कचऱ्यात जातो.

हाताची युक्ती त्यातून निघाली. चार अँपिअर वाहत असताना अर्धा व्होल्ट एका सांध्यात मेला, तर तिथं दोन वॅट उष्णता होते. वाटाण्याएवढ्या जागेत दोन वॅट म्हणजे हाताला कळण्याइतकं ऊन. भरलेली बॅटरी प्रवाह ओढत नाही, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून लाइट जाळायची, बॅटरी थोडी उतरवायची. मग पन्हाळ्याच्या चढापर्यंत गाडी पळवायची, परत यायचं आणि काहीही न उघडता, न ओढता, सांध्यावर बोट ठेवायचं. इंजिनजवळ सगळंच तापलेलं असतं, त्यामुळे एका सॉकेटातल्या दोन शेजारी वायरी एकदम धरायच्या: एक कोमट, दुसरी चटका देणारी, की झालं. मी करंगळी वापरायचो. पान्यानं बाकीच्या बोटांना घट्टे पडतात, करंगळी मऊ राहते. बघायला लोक जमायचे. मी डोळे मिटून घ्यायचो. डोळे मिटायची काहीएक गरज नव्हती, हे मी इथं लिहून ठेवतो.

आता करंगळीला कोमट आणि चटका सारखेच.

गेल्या वर्षी आयटीआय करून एक पोरगी कामाला आली. पहिल्याच अशा गाडीला मी सॉकेटकडे हात नेला, तर म्हणाली, "मामा, हात नका लावू." तिनं शिवणाच्या दोन सुया घेतल्या, सॉकेटच्या मागच्या बाजूनं वायरीलगत हलकेच आत सरकवल्या, पुढचं तोंड तसंच मिटलेलं, आणि इंजिन चालू ठेवून सुयांवर मीटर लावला. ना ओढणं, ना दाबणं. मग एकेक सांधा आडवा मोजत गेली. 0.03. 0.02. अँपिअर मीटरच्या मागं 0.31. उरलेलं अर्थिंगला. बॅटरीच्या उणे खांबापासून रेक्टिफायरच्या अंगापर्यंत मीटर लावून तेही पकडलं. मी तंबाखू मळायला बाहेर गेलो. राग नव्हता म्हणणार नाही.

अर्थिंगचं पाप मात्र जुन्या गाड्या 'नव्या' करणाऱ्यांचं. चेसीला पावडर कोटिंग मारतात, आरशासारखं. ते कोटिंग वीज सोडत नाही. अर्थिंगच्या बोल्टखाली ते खरवडायचं असतं, पण खरवडलं तर फोटोत वाईट दिसतं. मग बॅटरीवरून 100/90 वॅटचा बल्ब जोडतात, वर दोन हॉर्न, वायरी पिळून टेप गुंडाळलेली, आणि बोंब मारतात की बुलेटचं चार्जिंगच कमी. दुसरी जात नुसती सामान बदलणाऱ्यांची. बॅटरी बदल, रेक्टिफायर बदल, प्लेट बदल. जुनी प्लेट चांगली असली तरी वाइंडरच्या पोत्यात. यांना मी मेस्त्री म्हणत नाही. दुकानदार म्हणतो.

पोरगीशी माझं एकाच बाबतीत अजून पटलेलं नाही. मी थिंबलाला कथलाचा डाग देतो, ती नुसतं दाबून बसवते. तिचं म्हणणं, कथील तारांत चढून वायर तिथं ताठ होते आणि बुलेटच्या थरथरीनं डागाच्या कडेलाच तुटते. तुटलेल्या वायरी तिनं मला दाखवल्यात. माझं म्हणणं, वायर नीट बांधली तर थरथरेल कशाला? आम्ही दोघंही आपापल्या पद्धतीनं करतो आणि बिलावर ते लिहीत नाही.

गिऱ्हाईक समोर उभं असलं की मी अजूनही करंगळी टेकवतो, डोळे मिटतो, आणि तिनं सकाळीच मोजून सांगितलेला सांधा दाखवतो. ती काही बोलत नाही. फक्त या महिन्यापासून बिलात 'मीटर तपासणी' अशी एक वेगळी ओळ तिनं घालायला सुरुवात केली आहे, आणि ते पैसे ती आपल्या डब्यात टाकते.