लोणारचे पाठभेद

२०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे आम्ही तेव्हा कात्रपच्या घरात बसून एम. ए.च्या वर्गाला ‘लीळाचरित्र’ शिकवीत होतो. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत लोणार येते, एवढ्या धाग्यावरून विद्यार्थ्यांनी सरोवराची छायाचित्रे पाठविली आणि हे काय म्हणून विचारले.

स्थळपुराणाकडे उत्तर तयारच होते. विष्णूने लवणासुराला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि तिथले मीठ हे त्याचे मांस. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे उत्तर अर्थातच वेगळे होते : पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि मिठातच फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बहरले. पुढे ते तळाशी बसले आणि रंगही उतरला. एरवी हे पाणी हिरवे असते. सुमारे १० सामू असलेल्या त्या अल्कधर्मी पाण्यात आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात ‘स्पिरुलिना’ म्हणून विकले जाणारे सायनोबॅक्टेरिया, वाढतात.

रंगाची बातमी विरली. आम्हाला गुंतवून ठेवले ते मात्र तळाने. अतिखाऱ्या पाण्याच्या तळाशी आणि काठच्या चिखलावर सूक्ष्मजीवांचा एक थर धरतो. इंग्रजीत त्याला चटई म्हणतात. आम्हाला ‘साय’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण चटई विणावी लागते आणि साय आपोआप धरते. आपण या सगळ्यालाच ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो, ही भाषेच्या शिक्षकांनी खंत करावी अशी बाब आहे. ही साय उभी कापली तर काही मिलिमीटरांत तीन राज्ये दिसतात. वर प्रकाश घेऊन प्राणवायू सोडणारे हिरवे सायनोबॅक्टेरिया. त्याखाली जांभळे गंधक-जीवाणू. सर्वांत खाली, प्राणवायू नसलेल्या काळ्या थरात, सल्फेटवर जगणारे आणि सडक्या अंड्यांचा वास सोडणारे. एकाचे उत्सर्जित ते दुसऱ्याचे अन्न.

ही साय सर्वत्र सारखी नसते. बदलापुरावरून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीला मिळते. त्या खाडीकाठच्या भाईंदरच्या मिठागरांसारखी कोणतीही मिठागरे घ्या : समुद्राचे साडेतीन टक्के खारे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आटत जाते आणि प्रत्येक कप्प्यात वस्ती बदलते. पहिल्या कप्प्यांत गोगलगायींसारखे प्राणी साय खरवडून खातात. खारटपणा वाढला की ते मागे हटतात आणि तंतुमय मायक्रोकोलियसची जाड साय निर्धास्त पसरते. आणखी पुढे जिप्सम बसू लागते, तंतू विरळ होतात आणि एकपेशीय, बुळबुळीत जाती जम बसवितात. मीठ धरण्याच्या कप्प्यात, सुमारे पंचवीस टक्क्यांच्या पुढे, साय जवळजवळ संपते आणि लाल आर्कियांचे राज्य सुरू होते. स्लोव्हेनियातल्या सेचोव्ल्ये येथील मिठागरी तर अशी साय मुद्दाम जोपासतात, म्हणजे चिखल मिठात मिसळत नाही. त्यांच्याकडे तिला ‘पेतोला’ हे स्वतंत्र नावही आहे.

‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली, ती आठवणींतून पुन्हा सिद्ध झाली आणि पाठभेद उरले. आमच्या विद्येला त्यांतून मूळ पाठ शोधण्याची सवय आहे. लोणारला मात्र ती सवय गैरलागू ठरते. हिरवे पाणी मूळ आणि गुलाबी प्रक्षिप्त, असे म्हणता येत नाही. दोन्ही त्याच मिठाच्या कमीअधिक मात्रेचे पाठ आहेत. मग नोव्हेंबर २०२०मध्ये रामसर यादीत आलेल्या या सरोवराचे जतन करायचे म्हणजे नेमके कशाचे? आमच्या मते रंगाचे नव्हे, खारेपणाचे. सांडपाण्याने आणि वाढत्या गोड्या पाण्याने तो उतरत गेला, तर ज्यांचा इथे आजवर निभाव लागत नव्हता ते जीव येतील. मासे आले तर काठावरचा माणूस हरखून म्हणेल, सरोवर जिवंत झाले. आणि चिखलावरची साय खरवडणारे तोवर कामाला लागलेले असतील.