आज कुठे दुखतंय?

माझं अंग का दुखतं, हे मला अजून कुणालाही नेमकं सांगता आलेलं नाही. दुखतं मात्र रोज. सकाळी जाग येते तीच खांद्यातल्या रगेने. ती रग मग मानेत चढते, दंडातून कोपरापर्यंत उतरते, दुपारी कंबरेत ठाण मांडते आणि रात्री पोटऱ्यांत ठसठसत राहते. मी कुठे पडले नाही, मला काही लागलं नाही. सूज नाही, लाली नाही. बघणाऱ्याला मी धडधाकट बाई दिसते. शाळेत शिकवते, स्कूटर चालवते, चार माणसांत हसते-बोलते.

हे दुखणं माझ्या बारीकसारीक कामांत वस्तीला आहे. थंडीत गोधडीचं वजनसुद्धा अंगाला सोसत नाही. कणीक मळताना मनगटात कळ येते, म्हणून परात ओट्यावरून खाली घेते आणि अंगाचा भार देऊन मळते. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर गेला की दंडात चमक भरते. आता मी फळ्याच्या खालच्या निम्म्या भागातच लिहिते. पहिल्या बाकावरच्या बुटक्या मुलांसाठी बाई खाली लिहितात, असं वर्गाला वाटतं. वेणी घालायला हात वर धरवेनात, तेव्हा केस कापून टाकले. नव्या केसांचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मी ते हसून घेतलं.

तपासण्या व्हायच्या त्या सगळ्या झाल्या. थायरॉइड, बी-बारा, डी जीवनसत्त्व, सीआरपी, आरए फॅक्टर, एएनए. मानेचा आणि कंबरेचा एक्स-रे, पुढे एमआरआय. लॅबच्या खिडकीतून लखोटा हातात पडला की मी जिन्यातच थांबून तो उघडायची आणि शेजारी छापलेल्या नॉर्मल आकड्यांशी माझे आकडे ताडून बघायची. सगळं चौकटीत. गाठ नाही, संधिवात नाही, म्हणून जीव हलका व्हायचा. आणि जिना उतरता उतरता लक्षात यायचं की घरी जाऊन सांगण्यासारखं आता माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. हाड मोडलं असतं तर प्लॅस्टर दाखवता आलं असतं. ‘काही निघालं नाही ना? मग छान झालं की!’ असं माणसं मनापासून म्हणत. त्यांचा आनंद खरा होता. माझा खांदा मात्र तेव्हाही ठणकत असायचा.

एका डॉक्टरांनी फाइल मिटत सांगितलं, ‘सगळं नॉर्मल आहे. मन कशात तरी रमवा.’ हे वाक्य नातेवाइकांत फिरत फिरत ‘हिचं सगळं मनाचं आहे’ असं होऊन परत आलं. ते फार जिव्हारी लागलं. त्यानंतर बरेच दिवस मी कुणापाशी दुखण्याचा विषयच काढला नाही.

तसंही न बोलण्याची सवय आम्हाला घरातूनच लागलेली. आईने आणि आजीने सगळी दुखणी अंगावर काढली. कंबरेला पदर आवळायचा, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक लहानपणापासून इतकं कानावर पडलंय की आपल्याला दुखतंय असं म्हणताना जीभ अडखळते. त्या कौतुकाचा मला आता राग येतो. आजी रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायची, ते आम्ही सगळे पांघरुणातून ऐकायचो. तिला जवळ बसवून कुणीतरी विचारायला हवं होतं.

मी सांगलीत राहते. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हापासून आमच्याकडची आणि कर्नाटकातलीही माणसं दुखणी घेऊन मिरजेची वाट धरतात. मीही धरली. तिथल्या एका डॉक्टर बाईंनी माझी जाडजूड फाइल आधी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘पहिल्यापासून सांगा.’ मी सांगत गेले. त्यांनी मान, खांदे, कोपर, गुडघ्यांची आतली बाजू अंगठ्याने दाबून पाहिली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी १९९० मध्ये ठरवलेल्या निकषांत अंगावरच्या अशा १८ जागा होत्या; त्यांतल्या ११ दुखल्या आणि अंगभर दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं, तर त्याला फायब्रोमायल्जिया म्हणत. २०१० च्या नव्या निकषांत जागा दाबून मोजायची अट राहिली नाही. आता विचारतात ते असं, की कुठे कुठे दुखतं, झोप झाल्यावर तरी ताजंतवानं वाटतं का, थकवा किती येतो. ‘तुमचं बरंचसं यात बसतं,’ बाई म्हणाल्या. ‘पण ते का झालं, हे मला सांगता येणार नाही. उगाच काहीतरी कारण चिकटवणार नाही मी.’

त्या प्रामाणिकपणाने मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. पुढे मी मिळेल ते वाचत गेले. क्लिफर्ड वूल्फ या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की जखमेकडून कळांचा मारा सुरू राहिला, तर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होऊन बसतात. गल्लीत एकदा चोर येऊन गेला की कुत्री पुढे कितीतरी दिवस पाचोळ्याच्या सळसळीवरही भुंकत राहतात, तसं काहीसं. माझ्यासारख्यांच्या बाबतीत चोर कधी आला, आला होता की नाही, हेच कळत नाही. भुंकणं मात्र खरं असतं. जखमेचं दुखणं आणि नस दुखावल्याचं दुखणं या दोन जुन्या प्रकारांच्या जोडीला २०१७ मध्ये वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या तिसऱ्या प्रकारालाही मान्यता दिली आणि त्याला नोसिप्लास्टिक वेदना म्हटलं. त्याच संघटनेने १९७९ ची आपली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांमध्ये म्हटलंय की एखादा माणूस दुखतंय असं सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. ती टीप वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ रडले.

पण जगातल्या तज्ज्ञांचं मत माझ्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी माझ्या एका मैत्रिणीने माझं म्हणणं मानलं होतं. आठवीपासूनची मैत्रीण, बँकेत नोकरी करते. एमआरआयच्या दिवशी रजा टाकून माझ्यासोबत आली. आत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढायचा असतो. मंगळसूत्र काढलं, कानातलं काढलं. जोडवी काही केल्या निघेनात. लग्नानंतर ती कधी काढलीच नव्हती आणि त्या दिवशी तर पायाची बोटंही दुखत होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती तिथेच फरशीवर बसली. माझा पाय मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि एकेक जोडवं अगदी सावकाश फिरवत काढलं. मी ‘स्स’ केलं की थांबायची. माझ्या बांगड्या हरवू नयेत म्हणून तिने स्वतःच्या हातात चढवल्या. ‘किती वेळ लागला तरी इथेच बसलेय गं मी,’ म्हणाली. आत त्या नळकांड्यात यंत्राची धडधड चालली होती आणि बाहेर बाकावर माझ्या बांगड्या घालून कुणीतरी बसलंय, एवढंच मी मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ मधला एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला. त्यांनी १६ विवाहित स्त्रियांना अशाच यंत्रात झोपवलं आणि विजेचा हलका झटका बसू शकतो असा इशारा देत राहिले. नवऱ्याने हात धरला, तेव्हा मेंदूतली भीतीची खळबळ कमी झाली. अनोळखी माणसाचा हात असतानाही झाली, पण तितकी नाही. ज्यांचा संसार जास्त सुखाचा, त्यांना हाताचा आधार जास्त. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र साबणाच्या पाण्याने ओले झालेले मैत्रिणीचे हात होते.

घरच्यांचं प्रेम कमी आहे असं नव्हे. पण घरात मी ‘दुखतंय’ म्हटलं की यांचा चेहरा पडतो, लेक अभ्यास सोडून बाम शोधू लागते, आणि त्यांची काळजी बघून मीच त्यांची समजूत घालायला लागते. मैत्रिणीपाशी हे ओझं नसतं. ती माझ्या दुखण्याने घाबरत नाही, तिचं घर त्यावर चालत नाही. म्हणून तिच्याशी खरं बोलता येतं.

ती रात्री जेवणं आटोपल्यावर फोन करते. ‘बरी आहेस ना?’ असं कधीच विचारत नाही, कारण त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. ‘आज कुठे दुखतंय?’ असं विचारते. मग मी सांगते. पाठीत रग आहे, मानेत सणक येतेय, तळव्यांची आग होतेय, दंड नुसता भरून आलाय. ती हे एका जुन्या डायरीत लिहून ठेवू लागली. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करून, त्यांचे गट पाडून वेदना मोजायची एक प्रश्नावली तयार केली होती. माझ्या मैत्रिणीला त्यांचं नावही ठाऊक नाही, पण करत होती ते काहीसं तेच. ती डायरी मी मिरजेला दाखवली. डॉक्टर बाईंनी पानं उलटून पाहिली आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. ज्या रात्री झोप मोडली, तिच्या दुसऱ्या दिवशी दुखणं हटकून वाढलं होतं. आणि जरा बरं वाटलं म्हणून मी ज्या दिवशी घरभर आवराआवर केली, त्याच्यापुढचे दिवस वाईट गेले होते. त्यावरून औषधाची वेळ बदलली, बरं असेल त्या दिवशीही काम बेतानेच करायचं ठरलं आणि रोज थोडं चालणं सुरू झालं.

चालायलाही एकटीने बाहेर पडवत नाही. दुखरं अंग घेऊन चपला पायात सरकवणं हेच मोठं काम असतं. शाळेतली एक सहकारी संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहते, मग जावंच लागतं. आम्ही कृष्णेच्या घाटापर्यंत जातो. ती माझ्या चालीने चालते. पायरीवर टेकून भडंग खातो आणि आयर्विन पुलाकडे बघत बसतो. ती तिच्या सासूबाईंच्या विसराळूपणाबद्दल बोलते, मुलाच्या न जमणाऱ्या लग्नाबद्दल बोलते. तेवढा वेळ मी नुसती आजारी बाई नसते; तीही माझ्यापाशी काही हलकं करत असते. असं दुसऱ्याचं ऐकून घेणं मला गोळीइतकंच लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

सगळ्यांना सगळं जमत नाही, हेही कळलं. एक मैत्रीण दर भेटीत नवा उपाय आणते. निर्गुडीचा पाला, कुठल्याशा गावच्या वैद्यांचं तेल, फोनवर आलेला व्हिडिओ. तिची माया मोठी आहे, पण भेट संपेपर्यंत मी उत्तरं देऊनच थकते. शेवटी तिला म्हटलं, ‘मला उपाय नको गं, शनिवारी बाजारातून भाजी आणून देशील?’ तिचा चेहरा उजळला. पिशवी उचलणं माझ्या मनगटाला अशक्य आणि भाव करणं तिला प्रिय. तेव्हापासून भाजी तिच्याकडे. एक जुना वर्गमित्र मिरजेच्या फेऱ्या सांभाळतो. गाडीत फारसं बोलत नाही, खड्डा आला की वेग कमी करतो. आणि एक अगदी जवळची मैत्रीण हळूहळू दूर गेली. न संपणारं दुखणं जवळून बघत राहणं सोपं नाही. तिच्या घरी तिची आजारपणं होतीच. तिला मी दोष देत नाही, पण तिची आठवण येते. म्हणूनच सगळा भार एकीवर टाकू नये, असं मला वाटतं. फोन एकीचा, चालणं दुसरीसोबत, भाजी तिसरीकडे. मागितलेली गोष्ट जितकी ठरावीक, तितकी माणसं ती आनंदाने करतात.

माझं दुखणं गेलेलं नाही. औषधाने आणि चालण्याने धार थोडी बोथट झाली आहे, इतकंच. मित्रमैत्रिणींना डॉक्टरांची जागा घेता येत नाही, तीही त्यांच्यावर लादू नये. दुखण्याच्या जोडीला ताप येत असेल, वजन उतरत असेल, हातापायांतली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर रिपोर्ट कालच नॉर्मल आलेले असले तरी पुन्हा डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि लांबलेल्या दुखण्याने जगणंच नकोसं वाटू लागलं, तर सरकारची टेलीमानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही कुणीतरी फोन उचलतं, मराठीत बोलतं.

तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेल, किंवा पुरुषही असेल. पुरुष तर हे आणखीच लपवतात. रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि दुखणं थांबत नाही, असं ते कधीतरी बोलता बोलता सांगून गेले असतील. त्यांना कारण विचारू नका, ते त्यांनाही माहीत नाही. आज कुठे दुखतंय ते विचारा, आज कोणतं काम जमलं नाही ते विचारा, आणि त्यातलं एखादं करून द्या. शक्य असेल तर आज रात्रीच फोन करा.