दार उघडं आहे का?

दोस्तहो, मी येशूला मानतो, बाबासाहेबांनाही. म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेतला जिम जोन्स हा गोरा पाद्री. 1950 नंतरच्या वर्षांत त्यानं इंडियानापोलिसला पीपल्स टेंपल काढलं. काळे-गोरे एका बाकावर बसवले. भुकेल्यांना जेवू घातलं. ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं ते त्याच्याकडे धावले. का नाही धावणार? समतेची भूक आपल्यालाही ठाऊक आहे.

मग घरं, पेन्शनी टेंपलच्या खात्यात गेल्या. उलट बोललं की सगळ्यांदेखत मार. गयानाच्या जंगलात नेऊन पासपोर्ट काढून घेतले. 18 नोव्हेंबर 1978ला काहीजण निघाले, तर विमानतळावर गोळीबार. त्याच दिवशी जोन्सटाऊनमध्ये विष. 900वर माणसं मेली, त्यांत 300च्या आसपास पोरं. बहुतेक काळीच.

मत्तयाच्या 7व्या अध्यायात येशू खोट्या संदेष्ट्याला फळावरून ओळखायला सांगतो. आपल्या नावानं चमत्कार करणाऱ्यांनाही तो ओळख देत नाही. योहानाच्या 6व्या अध्यायात शिष्य त्याला सोडून जातात. तो कुणाला अडवत नाही. उरलेल्या बारांनाही विचारतो, जायचंय का?

माझी कसोटी हीच. हिशेब देतो का? प्रश्न सोसतो का? जाणाऱ्याला जाऊ देतो का?

25 नोव्हेंबर 1949ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. मी म्हणतो, धर्मातही तोच धोका. समतेची भाषा बोलतो म्हणून कुणाला देव करू नका. झगा पांढरा असो, भगवा असो की निळा, आधी दार बघा.