उंबऱ्यावर पाणी किती?

गेले दोन महिने आमच्या हडपसरच्या घरात रोज संध्याकाळी एकच विषय: पाण्याची खोली मोजायचं यंत्र! खरं तर नळाला पाणी किती वेळ येतं हा आमचा विषय असायला हवा, पण असो.

तर झालं असं. भिगवणजवळ मामांची होडी आहे. हिवाळ्यात मामेभाऊ लोकांना त्यातून रोहित पक्षी दाखवतो, एरवी मासेमारी. गेल्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं होतं, तेव्हा इंजिनाचा पंखा एका बुडालेल्या भिंतीवर आपटला. पंखा गेलाच, पण दोघं जण पाण्यात फेकले गेले. पोहता येत होतं म्हणून निभावलं. तिकडे हर्णैला दाजींची फायबरची होडी. त्यांना सुवर्णदुर्गाजवळच्या खडकांची कायम धास्ती. जून-जुलैत त्यांची होडी किनाऱ्यावर ओढलेली असते आणि नेमकं तेव्हाच उजनीत पाणी सगळ्यात कमी. मग दोघांत मिळून एकच फिश फाइंडर घ्यायचा असं ठरलं. निवडायचं काम 'कॉम्प्युटरवाला' म्हणून माझ्या गळ्यात!

मी वाचत सुटलो. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर धावतो, समुद्रात १,५०० च्या वर. दहा मीटरला फरक पडतो जेमतेम फूटभर. यंत्रात गोडं की खारं एवढं निवडलं की झालं. २०० किलोहर्ट्झचा आवाज बारीकसारीक गोष्टी दाखवतो, पण फार खोल जात नाही, त्यात खारं पाणी त्याला जास्त गिळतं. ५० चा खोलवर पोचतो, पण सगळं ढोबळ दिसतं. आपल्या होड्या किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणाऱ्या, म्हणजे २०० पुरे. खाऱ्या पाण्याची खरी भानगड म्हणजे गंज. वायरींच्या जोडात पाणी शिरता कामा नये आणि समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुणं आलंच.

मोठ्या पडद्यावर माशांची चित्रं दाखवणारं एक यंत्र मला फार आवडलं होतं. मामांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "मासं कुठं हायती ते मला ठावं हाय. आपल्या वाड्याची भितं कुठं हायती ते त्याला ठावं हाय का?"

मी गप्प. कारण ही यंत्रं होडीच्या खालचं दाखवतात, पुढ्यात काय आहे ते नाही. भिंत दिसेपर्यंत पंखा तिच्यावर आलेला असतो! आणि १९८० साली धरण पूर्ण झालं, त्यात बुडालेलं गाव पाठ असलेला आमच्या घरात एकच माणूस उरलाय. तो सत्तरीच्या पुढे. मामेभाऊ तर धरणानंतर जन्मलेला.

मग मोठा पडदा रद्द. छोट्या पडद्याचं, पण जीपीएसवर खुणा साठवणारं यंत्र घेतलं. खुणा फोनमध्येही ठेवता येतात, पण फोनचा पडदा उन्हात दिसत नाही आणि ओल्या बोटांना दाद देत नाही.

गेल्या रविवारी मामांना होडीत पुढे बसवलं. डोंगर आणि पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर बघून ते दिशा सांगत होते, मामेभाऊ वल्ह्यानं हळूहळू नेत होता आणि मी बटण दाबत होतो. चावडी. तिथे भिंतीवर जेमतेम एक मीटर पाणी. विहीर. मारुतीचा पार. एका जागी ते म्हणाले, "थांब. हितं आपला उंबरा."

"किती हाय पाणी?"

"दोन मीटर चाळीस."

ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं हात बुडवून पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाले, "चल पुढं, अजून पाटलाचा वाडा ऱ्हायला."

एकवीस खुणा झाल्या. रात्री हडपसरला पोचल्यावर दाजींना फोन केला: यंत्र पावसाळ्यानंतर देतो, पण खडक माहीत असलेली तुमच्याकडची म्हातारी माणसं आत्ताच गाठून ठेवा.