खार

गुडघे वाकत नाहीत, म्हणून हल्ली फरशी घासायला पुतण्या बसतो आणि मी स्टुलावरून सांगतो. हातात काम नसलं की माणूस नुसता बघत राहतो. बघायला लागलो तसा खाराने माझा जास्तच पिच्छा पुरवला.

लातूर-नांदेडकडच्या जुन्या वाड्यांत ढेलजेपासून माजघरापर्यंत शहाबादी फरशीच. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादची, 1956 पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात. ही फरशी घासून, सांध्यांच्या दर्जा भरून दिली की निळीकाळी उजळते. आठ-पंधरा दिवसांनी सांध्याच्या कडेला पिठासारखी पांढरी रेघ, तोच खार. पुसली की जाते, परत येते. मुरमातली ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. वरून सीलर मारला तर ते दगडात साचतात आणि पापुद्रा उचलतात. शहाबादी मुळात थराथरांची, तिला निमित्तच हवं असतं.

पुतण्या म्हणतो, "काका, ॲसिड मारू, एका हातात साफ." अरे, हा चुन्याचा दगड! ॲसिडने तो फसफसतो, आणि मागे उरलेला क्षार पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो. श्रावणात ज्यांची फरशी कितीही पुसली तरी ओलीच वाटते, त्यांनी ॲसिड कधी मारलं होतं ते आठवावं.

धुवायला बोअरचं जड पाणी, म्हणजे वरूनही क्षारच. 2016 च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे फरशीसाठी गोडं पाणी मागताना जीभ रेटत नाही. तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचाच लागतो.

दर्ज मी चुन्याचीच भरतो. ती दगडाहून मऊ असते, त्यामुळे ओल तिच्यातून निघते. खार तिच्यावर फुटला तर खरवडून नवी भरता येते. सिमेंटवाले एका दुपारीत उरकतात आणि वर गॅरंटी देतात. त्याहून पुढचे जुन्या फरशीवरच टाइल चिकटवतात. मग कोंडलेली ओल भिंत धरते आणि घरमालक रंगवाल्याला शिव्या घालतो.

मी तरी कुठला साधू? काम झाल्यावर जवसाच्या तेलाचा हात मारतो. दगडाला त्याची गरज नसते, उलट त्याचं तोंड थोडं बंदच होतं. पण तेल लागलं की रंग असा खुलतो, की घरच्या बाई दारात थांबून "नव्यासारखी झाली हो" म्हणतात. ते ऐकायला मी चहा मुद्दाम सावकाश पितो. पुतण्याला मात्र तेलाला हात लावू देत नाही.

त्याला एकच सांगून ठेवलंय. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर फरशीवर ठेवायचा. सकाळी खाली दव दिसलं तर पेटी उचलून घरी यायचं, मालक कितीही घाई करो. दिवाळीच्या तोंडावर बोलावणी खूप येतात, पण तेव्हा जमिनीत पावसाचं पाणी असतंच. शहाबादीचं काम काढायचं असेल तर वैशाखात काढा.